ऊन पाण्याचा गुण आणि घात

"डाक्टरसाहेब, उनकेश्वरले जाऊन येऊ का जी? लोकं म्हणते का तिथल्या पान्यानं गुडघे मोकळे होते."

थंडी पडू लागली, धानाची कापणी उरकली की हा प्रश्न माझ्या दवाखान्यात आठवड्यातून एकदा तरी येतो. परवा मूलकडचे एक आजोबा आले होते. वय सत्तरीच्या पुढे. मुलाने गाडी ठरवली होती, शेजारचे दोघे सोबत यायला तयार होते, फक्त डॉक्टरांचा होकार हवा होता. मी त्यांना होय किंवा नाही असे काहीच म्हटले नाही. "आजोबा, चप्पल काढा, डोळे मिटा," एवढेच म्हटले. मग कापसाचा बोळा आणि बॉलपेनचे टोक आलटून पालटून त्यांच्या तळव्यांना लावले आणि काय लागते ते विचारत गेलो. आजोबांना गंमत वाटली. तक्रार गुडघ्याची आणि डॉक्टर पाहतो तळपाय!

वाचकहो, गुडघ्याच्या रुग्णाचे तळपाय पाहण्याची ही सवय मला पुस्तकाने लावली नाही. ती एका माणसाच्या दोन बोटांच्या मोलाने लागली आहे.

माझ्या हातून घडलेली चूक

दवाखाना सुरू करून तेव्हा मला जेमतेम वर्ष झाले होते. चाळिशीतले एक शेतकरी आले. "पाय जड वाटते, मुंग्या आल्यावानी वाटते," अशी तक्रार होती. रोवणीचे दिवस होते. दिवसभर बांधीतल्या चिखलात उभे राहिल्याने पाय भरून आले असतील, असे मी धरून चाललो. बाहेर रांग होती. मी पायांना हातही लावला नाही. वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितले, "रोज रात्री गरम पाण्यात मीठ घालून अर्धा तास पाय बुडवून बसा."

आठ दिवसांनी ते परत आले, ते मुलाच्या खांद्यावर हात टाकून. दोन्ही तळव्यांना मोठमोठे फोड आले होते, काही फुटले होते. पाणी किती गरम होते, असे विचारले तर त्यांनी सांगितले, "गरमच तं होतं. पन मले काही लागलं नाही जी. तुम्ही सांगतलं तेवढंच केलं मी."

त्यांना काही लागले नाही, हीच तर खरी बाब होती. मग मी जे पहिल्या दिवशी करायला हवे होते ते केले. सदरा काढायला लावून पाठ पाहिली, कोपराची आणि घोट्यामागची नस बोटांनी चाचपली. पाठीवर फिकट, बधिर चट्टा होता आणि नसा जाड झाल्या होत्या. तो कुष्ठरोग होता. तळव्यांची संवेदना कधीच गेली होती. चटका न कळणाऱ्या पायांना मी चटक्याचाच उपचार सांगितला होता. कुष्ठरोग औषधांनी बरा झाला, पण जखमा चिघळल्या आणि उजव्या पायाची दोन बोटे गेली.

त्या दिवसापासून ऊन पाणी हे माझ्या लेखी औषध आहे. औषध कुणाला, किती आणि कुणाला अजिबात नाही, हे ठरवूनच द्यायचे असते. आजचा लेख त्याविषयी आहे.

झऱ्याचे पाणी गरम का?

आधी उनकेश्वरविषयी. नांदेड जिल्ह्यातल्या किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या काठी हे ठिकाण आहे. तिथे शिवाचे मंदिर आहे आणि गंधकाचा वास येणारे गरम पाण्याचे कुंड आहे. शरभंग ऋषींची व्याधी जावी म्हणून रामाने बाण मारून हे पाणी काढले, अशी कथा सांगतात. तीच पैनगंगा पुढे आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात वढ्याला वर्धा नदीला मिळते. त्यामुळे आपल्याकडच्या लोकांना हे ठिकाण परके वाटत नाही. महाराष्ट्रात असे झरे आणखी पुष्कळ आहेत. तानसा नदीकाठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. रायगड जिल्ह्यात पालीजवळचे उन्हेरे. रत्नागिरी जिल्ह्यात तुरळ, राजवाडी, उन्हवरे. जळगाव जिल्ह्यात उनपदेव. नावांमध्येच 'ऊन' दडलेले आहे.

पाणी गरम होण्याचे कारण साधे आहे. पावसाचे पाणी खडकांतल्या भेगांतून खोल जाते. जमिनीच्या पोटात साधारण दर किलोमीटरला २५ ते ३० अंशांनी उष्णता वाढत जाते. तिथे तापलेले पाणी दुसऱ्या भेगेतून वर येते आणि येताना खडकांतले क्षार घेऊन येते. कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड या वायूचा. अशा पाण्याचा उपचारासाठी वापर जगभर होतो. हंगेरीत डॉक्टर चिठ्ठीवर स्नान लिहून देतात, जपानमध्ये गावोगावी गरम कुंडे आहेत. शहरांतल्या मोठ्या हॉटेलांत 'स्पा' म्हणून जे असते, तेही नाव बेल्जियममधल्या झऱ्यांच्या एका गावाचे आहे. आपल्याकडे महात्मा गांधींनाही पाण्याच्या उपचाराची ओढ होती. लुई कुने या जर्मन उपचारकाचे कटिस्नान त्यांनी स्वतः वापरले आणि १९४६ साली पुण्याजवळ उरुळीकांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला.

मग या पाण्याने रोग बरा होतो का? याचे उत्तर रोगावर अवलंबून आहे.

पाण्यात बसल्यावर काय होते

कमरेइतक्या पाण्यात उभे राहिले की पायांवरचा भार जवळजवळ निम्म्यावर येतो. गळ्याइतक्या पाण्यात तो साधारण दहाव्या हिश्श्यावर येतो. झिजलेल्या गुडघ्याला हा मोठाच विसावा असतो. उष्णतेने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आखडलेले स्नायू सैलावतात. झिजेच्या गुडघेदुखीत अशा स्नानांनी काही काळ दुखणे कमी होते, असे परदेशातल्या अभ्यासांतही दिसले आहे. त्यातले बरेच अभ्यास लहान आहेत आणि झिजलेली कूर्चा पाण्याने परत येते असे कोणीच दाखवलेले नाही. पण दुखणे कमी झाले की माणूस हिंडू-फिरू लागतो, आणि हिंडणे-फिरणे हे गुडघ्याला औषधच आहे. शिवाय यात्रेला गेलेल्या माणसाला विश्रांती मिळते, मन रमते, चार माणसे भेटतात. हा गुणही खोटा नाही.

मात्र यातला मोठा भाग उष्णतेचा आहे, आणि उष्णता घरच्या चुलीवरही मिळते. कोमट पाण्यात टॉवेल भिजवून, पिळून पंधरा-वीस मिनिटे गुडघ्यावर ठेवा. त्यानंतर खुर्चीत बसून एकेक पाय सरळ करा, दहा आकडे मोजेपर्यंत धरा, खाली ठेवा. असे दहा वेळा, दिवसातून दोनदा. पाण्यात निर्गुडीचा पाला उकळायची आपल्याकडे जुनी रीत आहे. पाला घातलात तरी पाणी कोमट झाल्यावरच वापरा.

गंधकाचेही तसेच. खरजेवर गंधकाचे मलम पूर्वीपासून वापरात आहे. पण मलमातले गंधक आणि झऱ्याच्या पाण्यातला गंधकाचा अंश यांत फार अंतर आहे. आणि कुष्ठरोगाचे जंतू तर नसांमध्ये घर करतात. तिथवर कुठल्याच कुंडाचे पाणी पोचत नाही. तिथे पोचतात त्या गोळ्या. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. आता कुष्ठरोग सहा महिने ते वर्षभराच्या गोळ्यांनी बरा होतो. या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. ज्या जिल्ह्यात बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले, त्या जिल्ह्यात तरी चट्टा लपवून कुंडाची वाट धरण्याची वेळ कुणावर येऊ नये. पण येते. कारण झऱ्यावर जाणाऱ्याला कुणी काही विचारत नाही आणि आरोग्य केंद्राच्या दारात ओळखीचे भेटतात. अंगावर फिकट वा लालसर, न खाजणारा, न दुखणारा, बधिर चट्टा असेल तर आधी आरोग्य केंद्र गाठा. यात्रा नंतरही करता येईल.

आता आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसांना खरोखर उपयोगी पडणारी काही स्नाने सांगतो. त्यांना प्रवासखर्च नाही. बादली, साबण आणि पंचा एवढेच साहित्य.

बधिर पायांसाठी साधे पाणी

कुष्ठरोगात नसा दुखावल्यावर तळव्यांना घाम येत नाही. कातडी कोरडी पडते, भेगा पडतात, भेगांतून जखमा होतात. अशा पायांनी रोज वीस ते तीस मिनिटे साध्या, गार पाण्यात बसावे. गरम पाणी नको. नंतर घट्टे खरखरीत दगडाने हलक्या हाताने घासावेत. कातडी ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोळावे, म्हणजे मुरलेले पाणी आत टिकते. तळवा आरशात पाहावा. काटा, फोड, लाली दिसली तर चालणे कमी करून दवाखान्यात यावे. मऊ तळाची एमसीआर चप्पल पायात असावीच.

मधुमेह्याचे पायही बधिर होतात, पण त्यांचा नियम वेगळा आहे. मधुमेह्याने पाय पाण्यात बुडवून बसू नये. पाय रोज धुवावेत आणि बोटांच्या बेचक्यांसकट लगेच कोरडे करावेत. तेल लावायचे ते तळव्याला आणि टाचेला. बेचक्यात लावू नये. शेकाची पिशवी, गरम वीट, शेगडी हे प्रकार दोघांनाही वर्ज्य.

हत्तीपायाचे स्नान

आपले दोन्ही जिल्हे हत्तीरोगाचे. डासांतून आलेल्या जंतांनी रसवाहिन्या निकामी होतात आणि पाय सुजतो, हे बहुतेकांना ठाऊक आहे. मोहीम निघते तेव्हा डी.ई.सी.च्या गोळ्या समोर उभे राहून खायला लावतात त्या त्यासाठीच, आणि त्या खाव्यातच. पण ज्यांचा पाय आधीच सुजला आहे ते म्हणतात, "आता काय उपाय?" हा प्रश्न विचारणारी माणसे वर्षानुवर्षे लुगड्यात, लुंगीत पाय झाकून वावरतात. लग्नकार्यात पुढे येत नाहीत. त्यांच्यासाठी उपाय आहे आणि तो साबणाचा आहे.

सुजलेल्या पायाला मधूनमधून जे झटके येतात, हुडहुडी भरून ताप येतो, पाय लाल होऊन ठणकतो, ते जंतांमुळे नव्हे तर बहुधा साध्या जिवाणूंमुळे. ते आत शिरतात बेचक्यांतल्या चिखल्यांतून, भेगांतून, ओरखड्यांतून. रोवणीच्या दिवसांत चिखल्या कुणाच्या पायाला नसतात? प्रत्येक झटक्यानंतर पाय आणखी थोडा जाड होतो. झटके थांबले तर पायाचे वाढणेही बरेचसे थांबते.

म्हणून रोज रात्री असे करा. पाय साध्या स्वच्छ पाण्याने ओला करा. गरम पाणी घेऊ नका. साबण हाताने फेसाळून गुडघ्यापासून खाली, हलक्या हाताने लावत या. कातडीच्या घड्यांत आणि बेचक्यांत बोट फिरवा. ब्रश किंवा घासणी नको. पाणी निवळ पडेपर्यंत धुवा. मग स्वच्छ फडक्याने टिपून कोरडे करा. बेचक्यात फडक्याची कड घालून टिपा, कारण ओलावा राहिला की सगळी मेहनत वाया जाते. चिखल्यांना डॉक्टरांनी दिलेले मलम लावा. झोपताना पाय उशीवर उंच ठेवा. दिवसा बसल्या बसल्या घोटा वर-खाली, गोल फिरवा.

माझ्याकडे येणारी एक मावशी शेतमजुरी करते. पूर्वी पावसाळ्यात तिला दर महिन्याला झटका यायचा, आणि त्या आठवड्याची मजुरी बुडायची. वर्षभर नेमाने पाय धुतल्यावर मी तिला विचारले, सूज उतरली का? ती म्हणाली, "सूज तं आहेच जी. पन औंदा एकबी खाडा नाही पडला." मला वाटते, या उपचाराचा गुण याहून नेमका सांगता येणार नाही.

सिकलसेल: गार पाण्यापासून जपा

गडचिरोली-चंद्रपूरच्या आदिवासी आणि इतर काही समाजांत सिकलसेलचा आजार आहे. या रुग्णांच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडे असह्य दुखतात. अंग एकाएकी गार पडणे हे अशा दुखण्याचे एक कारण आहे. थंडीत पहाटे नदीत बुडी, तलावात तासभर पोहणे, पावसात भिजत रोवणी करणे, हे सगळे या मुलामाणसांना महाग पडते. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेत वैनगंगेत स्नान करण्याची आपली परंपरा आहे. सिकलसेलच्या मुलाला तिथे न्यायचे तर जरूर न्या. पण पहाटे बुडी मारायला लावू नका. उन्हं वर आल्यावर ओंजळभर पाणी अंगावर शिंपडा, देवाला तेवढे पुरते.

त्यांची अंघोळ कोमट पाण्याची असावी, आणि अंग लगेच पुसून कोरडे कपडे घालावेत. दुखू लागले तर कोमट शेक चालतो, बर्फ कधीही लावू नये. पाणी भरपूर प्यावे. ताप, छातीत दुखणे, धाप, एकाएकी वाढलेला पांढुरकेपणा किंवा अर्धांगासारखे लक्षण दिसले तर घरगुती उपचार बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे. घरात एकाला आजार असेल तर सगळ्यांनी रक्त तपासून घ्यावे. २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा भर याच तपासणीवर आहे.

एक स्नान जीव वाचवणारे, एक टाळायचे

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. तेंदूपानाच्या हंगामात, रस्त्याच्या कामावर, बसस्टँडवर माणूस बरळू लागला, अडखळला, कोसळला आणि अंग तव्यासारखे तापलेले असेल, तर तो उष्माघात आहे. दवाखाना गाठेपर्यंत वाट पाहू नका. सावलीत घ्या, कपडे सैल करा आणि मिळेल त्या गार पाण्याने अंग भिजवत राहा. सोबत जोराने वारा घाला. एकाने १०८ ला फोन करावा, बाकीच्यांनी पाणी ओतणे थांबवू नये. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. जगातल्या कुठल्याही कुंडापेक्षा या वेळचे चार घागरी पाणी मोलाचे आहे.

आणि टाळायचे स्नान नवजात बाळाचे. बाळ जन्मल्याबरोबर त्याला न्हाऊ घालण्याची पद्धत अजून काही घरांत आहे. ओले बाळ झपाट्याने गार पडते आणि गार पडलेले बाळ दूध ओढत नाही. पहिली अंघोळ किमान २४ तासांनी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कमी वजनाच्या बाळाला आणखी थांबावे. कोरड्या फडक्याने पुसून आईच्या छातीशी लावावे, दोघांना मिळून पांघरूण घालावे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत आरोग्यदूत बायांना घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. त्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आले. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. बाळाला ऊब देणे हा त्या शिकवणुकीचा एक महत्त्वाचा भाग होता.

लक्षात ठेवा

१) पाण्यात पाय घालण्याआधी कोपर घाला. कोपराला सोसवते तेच पाणी घ्या. ज्याचे हातपाय बधिर आहेत त्याच्यासाठी घरातल्या दुसऱ्याने पाणी पाहावे. ६० अंशांचे पाणी धडधाकट माणसालाही पाच-सहा सेकंदांत भाजते.

२) हृदयविकार, चक्कर येणे, ताप, उघडी जखम किंवा गर्भारपण असेल तर गरम कुंडात, वाफेच्या पेटीत बसू नये. दारू पिऊन तर कधीच नाही.

३) कुंडात एका वेळी दहा-पंधरा मिनिटे पुरेत. उठताना सावकाश उठा, बाहेर येऊन पाणी प्या.

४) गरम, साचलेल्या पाण्यात डोके बुडवू नका, नाकात पाणी जाऊ देऊ नका.

५) यात्रेला जाताना रक्तदाबाच्या, साखरेच्या, कुष्ठरोगाच्या गोळ्या सोबत न्या. कुंडाने गुण आला म्हणून एकही गोळी परस्पर बंद करू नका.

मूलच्या आजोबांच्या तळव्यांना कापूसही कळला आणि पेनचे टोकही कळले. रक्तदाब ठीक होता, साखर ठीक होती. मी म्हटले, "जा आजोबा, खुशाल जाऊन या. कुंडात आधी कोपर घाला." ते हसत गेले.

आणि ज्यांची दोन बोटे गेली ते गृहस्थ? ते अजून येतात. आता नातवंडांचे आजोबा झाले आहेत. रोज संध्याकाळी ओसरीवर गार पाण्याच्या घमेल्यात पाय घालून बसतात, तेल लावतात, आरशात तळवा पाहतात. इतक्या वर्षांत पायाला नवी जखम नाही. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. पण दवाखान्यात बसले असता एखादा नवा रुग्ण पायाची तक्रार सांगू लागला, की तेच माझ्याआधी बोलतात, "डाक्टरसाहेब, आधी याचे पाय पाहा जी."